गर्भारपण आणि केशरंग : अपायाचा शोध कोठे घ्यावा?

गर्भवती स्त्रीने केसांस कलप लावावा की लावू नये, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती स्वरूपाचा आहे. वडीलधाऱ्या स्त्रिया त्याचे उत्तर निषेधाने देतात, ब्यूटी पार्लरमध्ये ते 'काही होत नाही' या शब्दांत मिळते, आणि डॉक्टर बहुधा 'शक्य असेल तर पहिले तीन महिने टाळा' असे सांगून विषय संपवितात. या तिन्ही उत्तरांत थोडेफार तथ्य आहे. परंतु ती कोणत्या पुराव्यावर उभी आहेत याचा विचार क्वचितच होतो. तो केल्यास असे दिसून येते की, ज्या पदार्थाविषयी सर्वाधिक भीती बाळगली जाते तो या प्रसाधनांपैकी सर्वांत घातक पदार्थ नव्हे. आणि ज्या स्त्रियांविषयी फारशी चौकशी होत नाही त्यांच्याच वाट्यास या रसायनांचा सर्वाधिक संसर्ग येतो. प्रस्तुत लेखात केशरंगाचे रसायन, त्याचे त्वचेतून होणारे शोषण आणि त्याविषयीचा मानवी पुरावा यांचे क्रमाने विवेचन करून वरील विधानाची फोड केली आहे.

केशरंगाचे रसायन

कायम टिकणारा आधुनिक कलप हा तयार रंग नसतो; तो केसाच्या आत घडून येणाऱ्या रासायनिक क्रियेचा परिणाम असतो. पॅराफेनिलिनडायअमाइन (यापुढे 'पीपीडी') किंवा त्याच्या जातीचे दुसरे अमाइन, रिसॉर्सिनॉलसारखा एखादा संयोगी पदार्थ, अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड हे त्याचे मुख्य घटक होत. अमोनियामुळे केसाचे बाह्य खवले फुगून सैल होतात. रंगहीन आणि लहान आकाराचे रेणू आत शिरतात. पेरॉक्साइडमुळे त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन ते परस्परांशी जुळतात. आणि तयार झालेला मोठा रंगीत रेणू केसातून बाहेर पडू शकत नाही. ही क्रिया साधारणतः अर्ध्या तासात पूर्ण होते. एकोणिसाव्या शतकातील डांबरजन्य रंगांच्या संशोधनातून हे रसायन उदयास आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०७ च्या सुमारास, पॅरिस येथील रसायनज्ञ युजेन शुएलर यांनी त्याच्या आधारे केशरंगांचा व्यापार सुरू केला.

या क्रियेतील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. टाळूच्या संपर्कात येणारे मूळ अमाइन क्षणाक्षणाने कमी होत जाते, कारण ते रंग बनविण्यात खर्ची पडते. म्हणून मिश्रणात असलेले सारे पीपीडी त्वचेस उपलब्ध होते असे धरणे बरोबर नाही.

भीतीचा उगम

केशरंगांविषयीच्या आधुनिक चिंतेचा आरंभ १९७५ मध्ये झाला असे म्हणता येईल. त्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठातील ब्रूस एम्स व त्यांचे सहकारी यांनी जीवाणूंवरील उत्परिवर्तन-चाचणी वापरून बाजारातील पेरॉक्साइडयुक्त १६९ केशरंगांची परीक्षा केली. त्यांपैकी १५० रंग उत्परिवर्तनकारक ठरले. या निष्कर्षाने मोठी खळबळ उडाली व पुढील काळात काही घटक रंगांतून वगळण्यात आले. तेव्हा आजच्या कलपाविषयी बोलताना १९७५ पूर्वीच्या रंगांवरील निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. आणि त्याच कारणास्तव आजच्या रंगांविषयी जुन्या अभ्यासांवरून निश्चिंतही राहता येत नाही.

शिवाय जीवाणूच्या पेशीत घडणारी क्रिया व मातेच्या त्वचेपासून गर्भापर्यंतचा प्रवास या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. एखादा पदार्थ गर्भास बाधक ठरावयाचा तर तो प्रथम त्वचेतून शोषला गेला पाहिजे, यकृत व मूत्रपिंड यांच्या तडाख्यातून वाचून रक्तात टिकला पाहिजे, वार ओलांडून पुरेशा मात्रेत गर्भाकडे गेला पाहिजे, आणि तेही गर्भाच्या घडणीतील नाजूक काळात. अवयवांची मूळ घडण गर्भधारणेनंतर सुमारे तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते. बारा आठवडे थांबण्याचा जो सल्ला दिला जातो, त्याचे मूळ या कालमर्यादेत आहे. केशरंगामुळे पहिल्या तिमाहीत व्यंग निर्माण झाल्याचे सिद्ध झाले म्हणून तो सल्ला देण्यात येतो, असे मात्र नव्हे.

त्वचेतून शोषण किती?

या साखळीतील पहिली कडी, म्हणजे शोषण, मोजता येते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात किरणोत्सर्गी कार्बनाने अंकित केलेले पीपीडी असलेला कलप स्वयंसेवकांच्या केसांस नेहमीच्या पद्धतीने लावून धुण्यात आला आणि नंतर मूत्र व मल यांतील किरणोत्सर्ग मोजण्यात आला. लावलेल्या मात्रेपैकी सुमारे अर्धा टक्का भाग शरीरात शिरल्याचे त्यावरून दिसले. शिरलेला अंशही त्वचेतील व यकृतातील विकरांमुळे बव्हंशी ॲसिटिलयुक्त रूपात बदलतो व लवकरच मूत्रावाटे बाहेर पडतो.

एका साध्या गणिताने या आकड्याचा अर्थ स्पष्ट होईल. युरोपीय संघात डोक्यास लावण्याच्या मिश्रणात पीपीडीचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक असू नये असा नियम आहे. १०० ग्रॅम मिश्रण वापरले असे धरल्यास त्यात जास्तीत जास्त २ ग्रॅम पीपीडी असेल, आणि अर्ध्या टक्क्याच्या हिशेबाने सुमारे १० मिलिग्रॅम शरीरात जाईल. महिना-दीड महिन्यातून एकदा, तेही थोड्याच काळात उत्सर्जित होणारी ही मात्रा आहे. हेच द्रव्य तोंडावाटे पोटात गेल्यास घशास सूज, स्नायूंचा नाश व मूत्रपिंडाचा तीव्र विकार होऊन प्राणावर बेतते, हे भारतातील रुग्णालयांना चांगलेच परिचित आहे. पदार्थ एकच; परंतु मार्ग आणि मात्रा बदलताच परिणाम सर्वस्वी बदलतो.

मानवी पुरावा आणि त्याच्या मर्यादा

प्रत्यक्ष गर्भवती स्त्रियांविषयीचा पुरावा दोन प्रकारचा आहे. पहिला प्रकार घरी किंवा पार्लरमध्ये अधूनमधून कलप लावणाऱ्या स्त्रियांचा. त्यांच्यात गर्भपात वा जन्मजात व्यंग यांचे प्रमाण निश्चितपणे वाढल्याचे आढळलेले नाही, आणि इंग्लंड व अमेरिका येथील वैद्यकीय संस्थांचा सल्लाही साधारणतः असाच आहे की, असा मर्यादित उपयोग गर्भास घातक असण्याचा संभव अल्प आहे. याच्या उलट दिशेने बोट दाखविणारे अभ्यासही आहेत. २००५ मध्ये अमेरिका व कॅनडा येथील एका अभ्यासात, गर्भारपणाच्या सुमारास केशरंग वापरलेल्या मातांच्या मुलांत न्यूरोब्लास्टोमा या दुर्मिळ कर्करोगाचे प्रमाण काहीसे अधिक दिसले.

अशा अभ्यासांचे मूल्यमापन करताना स्मरणदोष विसरता कामा नये. ज्या मातेचे मूल गंभीर आजारी आहे, ती आपल्या गर्भारपणातील प्रत्येक गोष्ट पुनःपुन्हा आठवून पाहते. निरोगी मुलाची माता तसे करीत नाही. त्यामुळे दोन्ही गटांत वापर सारखाच असूनही पहिल्या गटात त्याची नोंद अधिक होते. यास्तव एकट्या अभ्यासावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

तथापि 'अपाय आढळला नाही' आणि 'अपाय नाही असे आढळले' या दोन विधानांतील अंतरही तितकेच महत्त्वाचे आहे. समजा, ३०० स्त्रियांच्या पाहणीत एकही विपरीत घटना घडली नाही. तरीही संख्याशास्त्राच्या परिचित नियमानुसार त्या घटनेचे खरे प्रमाण शंभरात एकापर्यंत असू शकते. मोठी जन्मजात व्यंगे कोणत्याही समाजात साधारणतः शंभर जन्मांमागे दोन-तीन आढळतात. हे प्रमाण ३ वरून ४ टक्क्यांवर गेले असल्यास ते ८० टक्के खात्रीने ओळखण्यासाठी प्रत्येक गटात सुमारे ५,३०० स्त्रिया लागतात. केशरंगाविषयीचे बहुतेक अभ्यास या संख्येच्या जवळपासही जात नाहीत. म्हणून त्यांवरून मोठा धोका नाकारता येतो. लहान धोका नाकारता येत नाही.

ज्यांचे हात रोज रंगात असतात

दुसरा प्रकार केशरचनेच्या व्यवसायातील स्त्रियांचा. ग्राहक स्त्री महिन्यातून एकदा कलप लावून घेते. पार्लरमधील कामगार स्त्री तो दिवसातून अनेकदा लावते, कालविते व धुते. त्याशिवाय नखांच्या रंगातील द्रावके, फवारे आणि केस सरळ करण्याची द्रव्ये यांच्या वाफा ती दिवसभर श्वासावाटे घेते. पुन्हा हे सारे काम बहुधा उभ्याने करावे लागते.

नेदरलँड्समधील केशरचनाकार स्त्रियांच्या अभ्यासात, १९८६-८८ या काळात गर्भपात व कमी जन्मवजन यांचे प्रमाण तुलनागटापेक्षा अधिक दिसले होते. १९९१-९३ या काळात ते घटलेले आढळले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा एक संभाव्य अर्थ असा की, मधल्या काळात रंगांचे घटक व कामाची परिस्थिती सुधारली. तसे असेल तर हा धोका अपरिहार्य नव्हता आणि टाळता येण्याजोगा होता, हेच त्यावरून ठरते. कर्करोगाच्या बाबतीतही हाच भेद दिसतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ मध्ये, व पुनर्विचारानंतर २०१० च्या ग्रंथात, केशरचनेच्या व्यवसायातील संसर्ग 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातला. केशरंगाच्या वैयक्तिक वापराविषयी मात्र वर्गीकरणास पुरेसा पुरावा नाही असे ठरविले. रंग तोच, भेद आहे तो संसर्गाच्या प्रमाणाचा.

केस सरळ करण्याच्या काही प्रक्रियांत तापविलेल्या केसांतून फॉर्माल्डिहाइड वायू मुक्त होतो. हा वायू मानवात कर्करोग घडवितो हे मान्य झालेले आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या कामगार-सुरक्षा विभागास 'फॉर्माल्डिहाइडविरहित' म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रव्यातच तो मोठ्या प्रमाणात सापडला. त्याऐवजी वापरात आलेल्या ग्लायऑक्झिलिक आम्लामुळे मूत्रपिंडास तीव्र इजा झाल्याचीही उदाहरणे अलीकडे प्रसिद्ध झाली आहेत. म्हणून गर्भारपणात केस सरळ करण्याच्या अशा प्रक्रिया टाळणे हे कलप टाळण्यापेक्षा अधिक सयुक्तिक ठरते.

आपल्याकडील गावोगावच्या पार्लरांत दोन-तीन स्त्रिया एका बंद, वातानुकूलित खोलीत काम करतात. प्रसूतिलाभाची कायदेशीर तरतूद दहा वा अधिक कामगार असलेल्या दुकानांस लागू होते. म्हणजे या स्त्रियांपैकी बहुतेक जणी तिच्या कक्षेबाहेर राहतात. गर्भारपणाचे पहिले महिने, जे सर्वाधिक जपण्याचे, तेच त्या नेहमीप्रमाणे काम करण्यात घालवितात. त्यांच्यासाठी नायट्राइलचे हातमोजे, प्रत्येक ग्राहकानंतर त्यांची बदली, उघडी खिडकी किंवा हवा बाहेर फेकणारा पंखा आणि रंग कालविण्याचे काम खोलीच्या मध्यभागी न करता खिडकीशी करणे, हे उपाय साधे व स्वस्त आहेत.

मेंदी, वांग आणि कुंकवाची डबी

कलपाच्या भीतीपोटी अनेक स्त्रिया 'नैसर्गिक' म्हणून मेंदीकडे वळतात. मेंदीच्या पानांतील लॉसोन हे रंगद्रव्य केसांस व हातांस तांबूस, नारिंगी वा तपकिरी छटा देते आणि त्यासाठी काही तास लागतात. मेंदी कधीही काळी नसते. तासाभरात काळाभोर रंग देणाऱ्या 'काळ्या मेंदी'त बहुधा पीपीडीच मिसळलेले असते, आणि ते किती आहे यावर कोणाचेही नियंत्रण नसते. डोहाळजेवणाच्या दिवशी हातावर असा काळा लेप काढून घेणारी स्त्री, पेटीवर घटक छापलेला कलप टाळून, अज्ञात मात्रेतील तेच द्रव्य थेट त्वचेवर लावून घेत असते. पीपीडीचा निर्विवादपणे सिद्ध झालेला अपाय म्हणजे त्वचेची तीव्र ॲलर्जी. आणि एकदा जडलेली ही ॲलर्जी जन्मभर टिकते. शुद्ध मेंदीविषयीही एक सावधगिरी आवश्यक आहे. जीसिक्सपीडी या विकराची उणीव असलेल्या अर्भकांच्या अंगास मेंदी लावल्याने रक्तपेशींचा नाश होऊन जिवास धोका झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. तेव्हा बारशाच्या हौसेपोटी तान्ह्या मुलास मेंदी लावू नये.

याहून गंभीर प्रश्न चेहऱ्यावरील क्रीमचा आहे. गर्भारपणात अनेक स्त्रियांच्या गालांवर व कपाळावर वांग उमटतात. ते बहुधा प्रसूतीनंतर फिके होतात. परंतु त्यापूर्वीच औषधाच्या दुकानातून वा पार्लरमधून एखादी 'गोरे करणारी' नळी घरी येते. तीत चार प्रकारची द्रव्ये असू शकतात, आणि प्रत्येकाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

हायड्रोक्विनोन लावलेल्या मात्रेपैकी सुमारे ३५ ते ४५ टक्के शरीरात शोषले जाते. पीपीडीच्या अर्ध्या टक्क्याशी याची तुलना केल्यास भीती कोठे असावयास हवी होती हे कळून येते. त्यामुळे व्यंग होते असे सिद्ध नाही. परंतु इतके शोषण होणारे आणि अनावश्यक असे द्रव्य गर्भारपणात वापरण्याचे प्रयोजन नाही. दुसरे द्रव्य ट्रेटिनॉइन, म्हणजे अ-जीवनसत्त्वाच्या वर्गातील आम्ल. याच वर्गातील आयसोट्रेटिनॉइन तोंडावाटे घेतल्यास गर्भाच्या कान, हृदय व मेंदू यांत गंभीर व्यंगे होतात हे १९८५ मध्ये निर्विवाद स्पष्ट झाले. त्वचेवर लावलेल्या ट्रेटिनॉइनचे शोषण अत्यल्प असले, तरी ते वर्ज्य मानणेच योग्य होय. तिसरे द्रव्य तीव्र स्टेरॉइड. सेनेगालची राजधानी डाकार येथील ९९ गर्भवती स्त्रियांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, त्वचा उजळण्यासाठी तीव्र स्टेरॉइड वापरणाऱ्या स्त्रियांची वार लहान व बालकांचे जन्मवजन कमी असल्याचे आढळले. भारत सरकारने २०१८ मध्ये स्टेरॉइडयुक्त अनेक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. परंतु मनाई आणि अंमलबजावणी यांत अंतर असते.

चौथे द्रव्य पारा, आणि तेच सर्वांत घातक. पारा मेलॅनिनची निर्मिती रोखतो, म्हणून त्वचा खरोखरच उजळते. तो त्वचेतून शोषला जातो, मूत्रपिंडात साचतो आणि वार ओलांडून गर्भाकडेही पोहोचू शकतो. भारतातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन-नियमांनुसार डोळ्यांच्या प्रसाधनांखेरीज इतरांत नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागाहून अधिक चालत नाही; आणि मिनामाता करारातील राष्ट्रांनी २०२३ मध्ये, पारा घातलेली सर्व प्रसाधने २०२५ पर्यंत बंद करण्याचे ठरविले. तरीही केरळात व महाराष्ट्रात अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचे विकार झालेले रुग्ण अलीकडच्या काळात आढळले आहेत. अशा डब्यांवर बहुधा उत्पादकाचा पत्ता नसतो व घटकांची यादीही नसते.

शिशाचा प्रश्नही याच जातीचा आहे. महाराष्ट्रातील परंपरागत कुंकू हळदीवर क्षाराची क्रिया करून बनविलेले असे. शेंदूर मात्र शिशाचा ऑक्साइड होय. २०१७ मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतील ९५ आणि मुंबई व दिल्ली येथील २३ सिंदूर-नमुन्यांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. दर ग्रॅममागे किमान एक मायक्रोग्रॅम शिसे असलेल्या नमुन्यांचे प्रमाण दोन्हीकडे तीन-चतुर्थांशाहून अधिक होते. शिसे त्वचेतून फारसे शिरत नाही. परंतु बोटांवरून अन्नात, आणि पुढे रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात जाते. पूर्वी शरीरात गेलेले शिसे हाडांत साठून राहते व गर्भारपणात हाडांतील कॅल्शियमबरोबर पुन्हा रक्तात येते. म्हणून या बाबतीत दक्षता गर्भधारणेपूर्वीच सुरू व्हावयास हवी.

निष्कर्ष

वरील विवेचनाचे तात्पर्य असे की, गर्भारपणातील प्रसाधनांचा धोका पदार्थाच्या नावावरून ठरत नाही. तो मार्ग, मात्रा, काळ आणि वारंवारता या चार गोष्टींवरून ठरतो. त्या कसोटीवर पाहता, घटक छापलेला कलप निरोगी टाळूस, मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, पूर्वचाचणीनंतर अधूनमधून लावणे हे अल्प धोक्याचे आहे. टाळूस जखम वा खरूज असल्यास शोषण वाढते, म्हणून तेव्हा तो लावू नये. बारा आठवडे थांबणे ही सहज पाळता येण्याजोगी सावधगिरी आहे. परंतु गर्भ राहिल्याचे कळण्यापूर्वी ज्या स्त्रीने कलप लावला, तिला त्यापायी अपराधी वाटण्याचे वा भयभीत होण्याचे काहीही कारण नाही, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगणे वैद्याचे कर्तव्य होय. याच्या उलट, काळी मेंदी, अज्ञात घटकांचे उजळ करणारे क्रीम, फॉर्माल्डिहाइडयुक्त प्रक्रिया आणि शिसेमिश्रित शेंदूर ही बारा आठवड्यांनंतरही वर्ज्यच होत.

संशोधनाच्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव पार्लरमधील कामगार स्त्रियांविषयीच्या माहितीची आहे. परदेशातील केशरचनाकार स्त्रियांवरील निष्कर्ष आपल्याकडील लहान, कोंदट खोल्यांना आणि येथे विकल्या जाणाऱ्या द्रव्यांना तसेच लागू पडतील असे गृहीत धरता येत नाही. एका जिल्ह्यातील अशा स्त्रियांची गर्भधारणेच्या आरंभापासून नोंद ठेवणे, त्यांच्या मूत्रातील पीपीडीचे अवशेष व खोलीतील हवा मोजणे, आणि समान परिस्थितीतील इतर कामगार स्त्रियांशी तुलना करणे, हे काम पदव्युत्तर विभागाच्या आवाक्यातील आहे. वर सांगितलेल्या संख्येच्या हिशेबाने अशा एका अभ्यासातून व्यंगांविषयी अखेरचा निर्णय मिळणार नाही. परंतु संसर्ग किती आणि कोठून होतो हे त्यातून नक्की कळेल, आणि तो कमी करण्यास तेवढे ज्ञान पुरेसे आहे.